इंग्रजीच्या जन्मतारखेबाबत

ती. आक्कांना मान खाली घालून नमस्कार. (मान नेहमीच खाली असते असं तुम्ही म्हणाल, म्हणून ही मुद्दाम घातलेली आहे असं समजावं.)

तुमचं ब्लडप्रेशर कसं आहे? साडूभाऊंची नवी कवळी बसली का, की अजून कवळी डबीत आणि साडूभाऊ पातळ जेवणावर असंच चाललं आहे? तुमच्या डाव्या गुडघ्याचं काय म्हणणं आहे? चाळीस वर्षं वॉर्डातल्या पेशंटांना तुम्ही ‘उठा, काही होत नाही’ असं दटावलंत, तेव्हा तुमच्याच गुडघ्याची तुमच्यापुढे तक्रार करायची छाती होत नसेल, तरी विचारून ठेवतो. मी ठीक आहे. वेळेवर जेवतो. शर्टाला इस्त्री असते. हे दोन प्रश्न तुम्ही विचारणारच, म्हणून उत्तरं आधीच दिली.

सात महिन्यांत एक ओळ लिहिली नाही म्हणून रागावू नका. तशी मी त्याआधीच्या छत्तीस वर्षांतही लिहिली नव्हती. पत्रांचं खातं तुमच्या धाकट्या बहिणीकडे होतं. मी असायचो तो शेवटच्या ओळीत, ‘यांचाही नमस्कार’ एवढ्यापुरता. त्यामुळे हे पत्र आज तिसऱ्यांदा लिहायला घेतलं आहे. पहिल्या कागदावर आपोआप ‘विषय’ आणि ‘संदर्भ’ आले. दुसऱ्यावर मी तुम्हाला ‘अर्जदार’ म्हटलं. जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीत चौतीस वर्षं बसलेल्या माणसाला दुसरी भाषा येत नाही, सांभाळून घ्या.

तर झालं असं. आमच्या कोपऱ्यावरच्या वाचनालयात दर महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी दुपारी चार वाजता कोणीतरी एक जण बोलतो आणि बाकीचे ऐकतात. या वर्षीच्या यादीत हिचं नाव होतं. विषय होता, इंग्रजी भाषेचं वय किती? शाळेत शिकवत असताना एका मुलीने हिला विचारलं होतं, बाई, ही भाषा केवढी आहे हो? हिला सांगता आलं नाही. साध्या प्रश्नाला उत्तर नाही म्हटल्यावर ही अस्वस्थ व्हायची, तुम्हाला माहीत आहेच. निवृत्त झाल्यावर हिने त्या एका प्रश्नापायी दोन वर्षं पुस्तकं आणून वाचली, एक तपकिरी वही भरत आणली, आणि वाचनालयाच्या सचिवांना जाऊन सांगितलं की मला एक शनिवार द्या. सचिवांनी दिला. शनिवार यायच्या आत बाकीचं झालं, ते तुम्ही इथे होतात तेव्हाचंच.

मागच्या महिन्यात सचिव घरी आले. (गृहस्थ चांगले आहेत, फक्त थांबत नाहीत, म्हणजे बोलायचे थांबत नाहीत.) खुर्चीत बसून त्यांनी खिशातून यादी काढली, दुसऱ्या खिशातून खोडरबर काढलं, आणि जरा हळू आवाजात म्हणाले, “मॅडमचं नाव यादीत राहून गेलंय. काढतो.”

“खोडू नका,” मी म्हणालो.

“अहो, पण मग बोलणार कोण?”

“मी.”

खोडरबर तसंच धरून ते म्हणाले, “तुम्ही? वार्षिक सभेत तुमचं नाव पुकारलं तर हजर म्हणायच्या ऐवजी तुम्ही नुसता हात वर केलात.”

खरं होतं. पण मी तरी काय करणार? नोंद खोडता येत नाही. चुकली तर कंसात घालायची, वर दुरुस्ती लिहायची, सही करायची. पण पुसायची नाही. मी अख्ख्या नोकरीत एक नाव पुसलं नाही आणि आता घरात बसून, माझ्यादेखत, हिचं पुसू देणार होतो की काय? म्हणून ‘मी’ म्हणून गेलो. मग मात्र मला कळलं की मला खरंच ते हवं आहे. हिचं भाषण हिच्या शब्दांत, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत लोकांच्या कानावर पडावं, आणि मग त्या नावापुढे ‘झाले’ असं लिहिलं जावं. अजूनही तेवढंच हवं आहे.

(त्यानंतर सचिव दीड तास बसले. एका क्षणी माझ्या तोंडून निघून गेलं, “दूध बघा.” आमच्या घरात याचा अर्थ पाहुण्यांना आता उठवा, असा होतो. ही म्हणायची, मी उठून आत जायचो, आणि पाहुणे समजून घ्यायचे. या वेळी म्हणणाराही मीच आणि आत जाणारं कोणी नाही. शेवटी सचिव बिचारे स्वतः उठून स्वयंपाकघरात जाऊन आले आणि म्हणाले, “कुठे आहे दूध? गॅसवर तर काहीच नाही.” आणि पुन्हा बसले.)

आता वही. हिचं अक्षर तुम्हाला ठाऊक आहे, फळ्यावर मोत्यासारखं आणि वहीत मुंग्यांसारखं. ते उभं राहून वाचता येईना, म्हणून मी त्याची अस्सलबरहुकूम नक्कल करायला घेतली. रोज सकाळी दहा ते पाच, मध्ये अर्धा तास जेवण. ऑफिसला गेल्यासारखं वाटलं. नक्कल कशी करतात ते तुम्हाला सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोटाळा तिथेच आहे. नक्कल करणारा वाचत नसतो. डोळ्याने अक्षर उचलायचं, हाताने ठेवायचं, मधल्या मध्ये डोक्याला काम नाही. डोकं घालून ऑफिसातल्या त्या नोंदवह्या उतरवणं, त्यातल्या निम्म्या वह्या मृत्यूच्या, कोणालाच झेपलं नसतं. दुसरं असं की नोंदवहीत शेवटचा रकाना शेऱ्याचा असतो, आणि शेरा गाळला तर नक्कल रद्द. हिने वहीच्या समासात जागोजागी बारीक काहीतरी लिहिलं होतं. ते ज्या ओळीसमोर होतं त्या ओळीत मी ‘शेरा’ म्हणून कंसात उतरवलं, आणि शेवटी ‘रुजू पाहिली’, म्हणजे मुळाशी ताडून पाहिली, असं लिहून सही केली. नक्कल उत्तम झाली. एक काना चुकला नाही. फक्त तिच्यात काय आहे हे मला माहीत नव्हतं.

शनिवारी बावीस माणसं होती. त्यातली चार पंख्यासाठी आलेली. खालच्या मजल्यावरच्या शिलाईवाल्या बाई, औषधांच्या दुकानाचे म्हातारे मालक, आमचा सुतार असे ओळखीचेही होते. मी मान खाली घालून वाचायला सुरुवात केली. त्या बाबतीत सराव कामी आला.

सुरुवात हिने छान केली आहे. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी समुद्रापलीकडून काही टोळ्या होड्या घेऊन त्या बेटावर उतरल्या. त्यांच्या बोलीतून ही भाषा झाली. उतरल्यावर त्यांनी तिथल्या मूळच्या लोकांनाच ‘परके’ असं नाव ठेवलं. (घरात शिरून घरमालकाला पाहुणा म्हणण्याची ही पद्धत मी भाडेकरूंत पाहिली आहे.) मला ऑफिसच्या नजरेने सारखं वाटत होतं की हा उशिरा नोंदणीचा अर्ज आहे आणि त्यात एकही कागद धड नाही. जन्मस्थळ होडीत की किनाऱ्यावर, स्पष्ट नाही. पालकांच्या जागी तीन-चार टोळ्या. हजर असलेला साक्षीदार लिहिता न येणारा. असा अर्ज मी खिडकीतूनच परत केला असता.

मग उत्तरेकडचे लुटारू येतात, लूटमार करतात, आणि पुढे तिथेच लग्नं करून राहतात. त्यांनी जाताना काही नेलं असेल ते असो, येताना शब्द आणले. त्यातला एक विंडो. मूळ अर्थ वाऱ्याचा डोळा. हे मी वाचलं आणि त्याच दमात, त्याच आवाजात पुढचं वाचलं, “शेरा : स्वयंपाकघराच्या खिडकीची कडी. सुताराला तिसऱ्यांदा सांगणे. या वेळी रागावणे.”

लोकांना वाटलं असेल त्या काळचा एखादा लेख आहे. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून सुतार उभा राहिला. “येतो ना उद्या,” तो म्हणाला. “वहिनी बोलल्या होत्या. माझ्याकडूनच राहिलं.”

मी घाबरून पुढे वाचू लागलो. सचिवांना मधेच काहीतरी सुचलं, ते “यावरून मला एक आठवलं,” म्हणत उठले, आणि नेमकी माझी ओळ आली, “शेरा : सचिवांना इथे बोलू देऊ नये. मागच्या वेळी पाऊण तास गेला.” शिलाईवाल्या बाई तोंडाला पदर लावून हसायला लागल्या आणि त्या हसल्या म्हणून सगळेच. सचिव बसले. इतक्या लवकर बसलेले त्यांना कोणी पाहिलं नव्हतं.

पुढे असं होतं की वाइफ हा शब्द तिथला घरचाच, जुना, आणि हजबंड मात्र त्या लुटारूंबरोबर बाहेरून आलेला. मूळ अर्थ, घर धरून राहणारा. “शेरा : आमचे हेही घर धरूनच असतात. गुडघे दाखवून घेणे. रोज संध्याकाळी बाहेर काढणे.”

आक्का, माझ्यामुळे बावीस माणसं हसल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. कान तापले. तुम्ही म्हणाल, अरे मग थांबायचं होतं, शेरे गाळायचे होते. गाळता आले असते. कंस दिसत होते. पण आता पुढचा शेरा काय आहे ते मलाच ऐकायचं होतं. सात महिन्यांत ही एवढं बोलली नव्हती.

मग फ्रेंच बोलणारे राजे आले. तीनशे वर्षं दरबार फ्रेंचमध्ये, कोर्ट फ्रेंचमध्ये, धर्माचं सगळं लॅटिनमध्ये. इंग्रजी उरली ती स्वयंपाकघरात आणि गोठ्यात. कागदावर जवळजवळ नाहीच. तरी ती टिकली. हिने तिथे लिहिलं होतं, भाषा कागदांमुळे जगत नाही, कागदांशिवायही जगते. (हे वाक्य मला लागलं. मी आयुष्यभर कागद करत आलो.) आणि त्याला लागूनच, “शेरा : आमचे हे ऐकायला येणार नाहीत, लाजतात. तरी पहिल्या रांगेत कडेची खुर्ची ठेवणे.”

या वेळी कोणी हसलं नाही. कडेच्या खुर्चीवर औषधवाले बसले होते. ते काठी टेकत उठले आणि मागच्या रांगेत जाऊन बसले. मी ग्लास उचलून पाणी प्यायलो. ग्लास रिकामा होता, तरी प्यायलो.

शेवटाकडे ही मूळ प्रश्नावर येते. हजार वर्षांपूर्वीचं इंग्रजी आजच्या इंग्रजापुढे ठेवलं तर त्याला ओ की ठो कळत नाही. म्हणजे ती भाषा गेली आणि ही दुसरी आली. पण कधी? दर पिढीत आईला मुलीचं कळत होतं आणि मुलीला आईचं. असं कधीच झालं नाही की सकाळी आई काही बोलली आणि मुलीला ते परकं वाटलं. मग जुनी गेली तो दिवस कोणता आणि नवी आली तो कोणता? हिने लिहिलं होतं, “याचं उत्तर मला असं वाटतं की”, आणि पुढे ओळ कोरी. समासात, “शेरा : शेवट आक्काला पाठवलेल्या पत्रातला घ्यावा. तिथे बरा जमला आहे.”

मी तेही वाचलं आणि कागद खाली ठेवला.

“मग? उत्तर काय?” शिलाईवाल्या बाईंनी विचारलं.

“इथे नाही. आक्कांकडे आहे.”

“आक्का कोण?” सचिव.

“हिची थोरली बहीण.”

“मग मागवा की,” बाई म्हणाल्या. “आम्ही काय कुठे पळून चाललोय?”

सचिवांनी लगेच इतिवृत्तात नोंद केली : भाषण अपूर्ण, उर्वरित भाग आक्कांकडून येणे बाकी. तुमचं नाव आमच्या वाचनालयाच्या दफ्तरी लागलं आहे, याची नोंद घ्यावी.

सुतार खरंच दुसऱ्या दिवशी आला. कडी घट्ट बसवली. ती खिडकी वाऱ्याने खडखडायची, आता अजिबात वाजत नाही, आणि स्वयंपाकघरात इतकं शांत झालं आहे की त्याला बोलावून थोडी सैल करून घ्यावी असं मनात आहे. कसं सांगायचं ते सुचत नाही.

त्यानंतर मी मूळ वही पहिल्यापासून वाचली. या वेळी डोकं घालून. हिचा तो प्रश्न मला सोडत नाही. मी नोंदणीतला माणूस, माझ्या लेखी प्रत्येक गोष्टीला तारीख असते. हिची नोंद करायलाही मीच गेलो होतो, माझ्याच जुन्या खिडकीवर, या वेळी बाहेरच्या बाजूने. नव्या क्लार्कबाईंनी वय विचारलं, व्यवसाय विचारला, तारीख आणि वेळ विचारली. मी न अडखळता सांगितलं. चार मिनिटांत काम झालं. मला सहा लागायची. चांगली मुलगी आहे, अक्षर सुधारायला हवं. तर माझ्याकडे तारीख आहे, शिक्क्यानिशी आहे, आणि तरी मला तो दिवस सापडत नाही. पेपरातलं शब्दकोडं मी रोज सोडवतो आणि उभे शब्द सोडून देतो, कारण उभे हिचे असायचे. आडवे सगळे बरोबर आले की उभे आपोआप भरतात, हे मला या सात महिन्यांत पहिल्यांदाच समजलं. ते मला आवडलेलं नाही. दोघांचंच घर होतं. त्या घरातली भाषा दोन माणसं बोलत होती, आता एक बोलतो. ती जिवंत धरायची की गेलेली, याचा रकाना आमच्या नोंदवहीत नव्हता. हिने कदाचित तुम्हाला लिहिला असेल.

तेव्हा विनंती अशी की, त्या पत्रातला शेवटाचा तेवढा भाग सवडीने उतरवून लवकरात लवकर पाठवावा. पुढच्या बैठकीत तो वाचला की हिच्या नावापुढे ‘झाले’ लिहिता येईल आणि सचिवांची वही मिटेल. तुमच्या नकलेवर माझा पूर्ण विश्वास आहे. पेशंटांचे चार्ट भरलेला हात आहे.

साडूभाऊंना नमस्कार सांगा. कवळी घातलेली असताना सांगा, म्हणजे त्यांना उलट सांगता येईल. गुडघ्याला जपा.

आपला आज्ञाधारक (हे ऑफिसचं झालं, पण खोटं नाही),

धाकटीचे हे

ता. क. : वर ‘लवकरात लवकर’ लिहिलं आहे, पण पुढचा शनिवार सचिवांनी डोळ्यांच्या डॉक्टरांना दिला आणि त्याच्या पुढचा स्वतःला घेतला. मी हरकत घेतली नाही. वाचनालयाला काही घाई नाही. घाई मला आहे.

ता. क. २ : नक्कल पाठवू नका. मूळ पत्र पाठवा, सगळं, पहिल्या ओळीपासून. लोकांना जन्मभर नकला दिल्या, मूळ कागद कधी कोणाच्या हातात दिला नाही, तेव्हा मी काय मागतो आहे ते मला कळतं. वाचून रजिस्टर पोस्टाने परत करीन. त्यात माझ्याविषयी काही कमीजास्त लिहिलेलं असलं तरी संकोच करू नका.

ता. क. ३ : मूळ पत्र हातावेगळं करवत नसेल तर तसं सांगा, राग येणार नाही. मलाही करवलं नसतं. मग फोनवर वाचून दाखवा. खरं म्हणजे ते टाळायलाच एवढं पत्र लिहिलं. फोनवर तुमचा आवाज थेट हिच्यासारखा येतो, म्हणून सात महिने तुमचे फोन मी घेतले नाहीत. बाहेर गेलेलो नसायचो, फोनशेजारीच बसलेला असायचो. आता घेईन. दुपारी चारनंतर करा. सावकाश वाचा. मध्ये मी काही बोललो नाही तर लाइन तुटली असं समजून ठेवून देऊ नका.